रविवारची कटकट

मैदानावरच्या मंडळींना कवळीकाकांची मनापासून दया येत असे. माणूस गरीब, हाताचा कसबी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आठवडाभर वाट बघून रविवार उजाडावा, मेहनतीने बांधलेलं रिमोटवरचं छोटं विमान हवेत जावं, आणि नेमकं तेव्हाच बायकोने शेजारी उभं राहून तोंडाचा पट्टा सोडावा, हे काही बरं नव्हे, असं सगळ्यांचं मत होतं. इंजिनाच्या आवाजात काकूंचे शब्द कुणाला ऐकू येत नसत. दिसायचं ते एवढंच, की काका दोन्ही हातांत ट्रान्समीटर धरून आभाळाकडे बघताहेत, आणि काकू त्यांच्या खांद्याला खांदा लावून, कपाळावर हाताचा आडोसा धरून, अखंड बोलताहेत. काका हूं की चूं करत नसत.

"माझ्या बायकोने असं केलं ना, तर मी विमान तिच्या डोक्यावरच उतरवीन," बेकरीवाला म्हणायचा.

"तुझं विमान तुला पाहिजे तिथे उतरलंय कधी?" क्लबचा सेक्रेटरी विचारायचा.

काकूंच्या कानावर हे सगळं येत होतं. त्या कानाडोळा करत. कटकटी बाई म्हणून नाव झालं तर झालं. खरं कळण्यापेक्षा ते बरं.

काका आयुष्यभर कवळ्या करत आले होते. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत, खिडकीशी त्यांचं टेबल होतं. पुढच्या खोलीतून मेणात उमटलेले जबडे यायचे आणि मागच्या खोलीतून दात जायचे. अर्धं शहर काकांच्या दातांनी जेवत होतं, भांडत होतं, फोटोत हसत होतं, आणि त्यातल्या फार थोड्यांनी काकांना पाहिलं होतं. काकांना ते बरंच वाटायचं. माणसांशी बोलायचा त्यांना मुळात कंटाळा.

घरातली मागची खोली विमानांची होती. बाल्साचं हलकं लाकूड घासून घासून त्याची पिठासारखी पूड सगळ्या घरभर व्हायची. टॉवेलात, उशांवर, कधी चहावर तरंगताना. पंखांवर रंगीत प्लास्टिकचा पापुद्रा चढवायचा तो गरम इस्त्रीने. काकांनी पहिल्याच वेळी पंखाला भोक पाडलं आणि इस्त्रीची वाट लावली, तेव्हा काकूंनी पंख हातातून ओढून घेतला. काकूंचा शिवणकामाचा धंदा होता. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीवर बायकांची मापं. कापडावरची सुरकुती त्यांना झोपेतही दिसायची. त्या दिवसापासून प्रत्येक पंखाला इस्त्री काकूंनीच केली, आणि प्रत्येक वेळी हे शेवटचं म्हणून बजावलं.

इंजिन मुठीत मावेल एवढं. त्याच्या डोक्यात बारीक तारेचं वेटोळं. सुरुवातीला बॅटरी लावून ते लाल करायचं, पुढच्या पंख्याला काठीने झटका द्यायचा, आणि एकदा पेटलं की मग बॅटरी काढून घेतली तरी ते आपल्याच उष्णतेवर भणाणत राहायचं. "तुमच्यासारखंच आहे," काकू म्हणायच्या. "एकदा आपल्या तंद्रीत गेलं की कुणाची गरज नाही." इंधन मिथेनॉलचं आणि त्यात एरंडेल. जळक्या एरंडेलाचा तो गोडसर, चिकट वास काकांच्या शर्टांतून कधी गेला नाही. काका मागच्या अंगणात इंजिन चालवून बघायचे, तेव्हा काकू मशीनवरून मान वर न करता सांगायच्या, "सुई फार आवळलीत." इंधनाची सुई आवळली की इंधन कमी पडतं, आवाज बारीक आणि चढा होतो, इंजिन तापतं आणि मरतं. सैल केली की आवाज जाड होतो. जमिनीवर सगळ्यात चढा सूर सापडला की तिथून सुई दोन खटके मागे घ्यायची, कारण हवेत गेल्यावर इंजिनाला आणखी इंधन लागतं. हे काकूंना कुणी शिकवलं नव्हतं. एवढी वर्षं कानावर पडत होतं.

संसार तसा बरा चालला होता. तक्रार एकच. काका ऐकत नसत. वाईट अर्थाने नव्हे. उलट बोलणं, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ते "हं" म्हणायचे. बाथरूमचा नळ गळतोय म्हटलं, "हं". बहिणीकडे जायचंय, "हं". त्या "हं"च्या मागे माणूस नसायचा. नळाच्या तोंडाला काकूंनी चिंधी बांधून ठेवली होती, म्हणजे निदान थेंबांचा आवाज तरी होऊ नये.

मग काकांचे डोळे गेले. पूर्ण गेले असं नाही. दोन-तीन कवळ्या परत आल्या, एका बाईंचा पुढचा दात बाकीच्यांहून पिवळा निघाला, तेव्हा काका स्वतःच डॉक्टरकडे जाऊन आले. पडद्याचा मधला भाग खराब होत होता. कडेचं सगळं दिसायचं. दार, खुर्ची, बाजूने जाणारं माणूस. पण ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच पुसलं जायचं. काकांनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून आपली हत्यारं घरी आणली. कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

विमानाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. त्या सुमारास काकू उगीच सोबत म्हणून मैदानावर जाऊ लागल्या होत्या, कारण गाडी आता त्यांनाच चालवावी लागत होती. एका रविवारी विमान वर गेलं, आणि थोड्या वेळाने काका ओठ न हलवता म्हणाले, "कुठंय?"

"काय?"

"विमान."

काकूंनी वर पाहिलं. "उजवीकडे. झाडांच्या वर. आपल्याकडे येतंय."

"पंख?"

"एक खाली आहे. तुमच्या उजव्या हाताकडचा."

असं सांगत-सांगत ते विमान खाली आलं. घरी जाताना काकूंनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं: कुणाला लागलं तर, कुणाचा जीव गेला तर, विकून टाका सगळं. काकांनी "हं" म्हटलं नाही. ते समोरच्या काचेकडे तोंड करून बसले होते. "आवाजावरून बरंच कळतं," ते म्हणाले. "थोडंच कमी पडतं."

संध्याकाळी मागच्या खोलीत ते इंजिन पुसत बसले. जुन्या फडक्याने, बोटांनी चाचपत, पुन्हा पुन्हा. काकू दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी अटी घातल्या. ते वेगवान विमान विकायचं, फक्त हे संथ, मोठ्या पंखांचं ठेवायचं. वारा असेल तर नाही. माणसांच्या आणि गाड्यांच्या बाजूला कधीच नाही. आणि मी सांगेन ते, मी सांगेन तेव्हा.

सराव घरात झाला. काका हॉलमध्ये खुर्चीवर डोळे मिटून ट्रान्समीटर घेऊन बसायचे आणि काकू विमान हातात धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते वाकवत, वळवत चालायच्या. पहिले काही दिवस नुसती भांडणं झाली, कारण विमान आपल्याकडे येत असलं की त्याचं डावं ते आपलं उजवं. शेवटी ठरलं की डावं-उजवं काकांच्या हाताचं. उलटसुलट करायचं ते काकूंनी मनातल्या मनात करायचं. समोरच्या खिडकीतल्या शेजारीणबाईंनी हा प्रकार पाहिला आणि नंतर काकूंना हळूच विचारलं, "काकांची तब्येत बरी आहे ना?"

"त्यांची बरी आहे," काकू म्हणाल्या. "माझं सांगता येत नाही."

आणि हवेत एक वेगळीच गोष्ट होऊ लागली. लग्नापासून काकू नवऱ्याला अहो-जाहो करत आल्या होत्या, पण विमान वर असताना तेवढा वेळ कुठला. "डावं. सोड. नाक खाली. धर." शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना सांगावं तसं. काकू "डावं" म्हणाल्या की विमान डावीकडे वळायचं. "पुरे" म्हणाल्या की थांबायचं. तिथे "हं" नव्हतं. एवढ्या वर्षांत या माणसाने त्यांचा शब्द असा वरच्या वर झेलला नव्हता. आपण हे लपवतोय ते नवऱ्याच्या आनंदासाठी, असं काकू स्वतःला सांगायच्या. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच कधीकधी मशीनवर बसल्या-बसल्या त्यांना मैदानावरच्या त्या गाड्या आठवायच्या, ती माणसं आठवायची आणि पाय पायडलवर थांबायचा.

मैदान म्हणजे शहराबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीमागची मोकळी जागा. मधोमध गवत कापून केलेली धावपट्टी, एका बाजूला गाड्या, आणि गाड्यांच्या पुढे एका मोठ्या छत्रीखाली सेक्रेटरीची म्हातारी आई. सेक्रेटरीचं कुलपांचं दुकान होतं; घरी आईजवळ कुणी नसायचं, म्हणून तो तिला खुर्चीसकट घेऊन यायचा. आजी ठार बहिऱ्या होत्या. इंजिनांच्या त्या कल्लोळात त्या एकट्याच निवांत बसायच्या आणि सगळ्यांची तोंडं न्याहाळायच्या.

छत्रीशेजारी एक फळा होता आणि त्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर रंगाने रेडिओच्या एकेका लहरीचा आकडा. चिमटे काकूंच्याच दोरीवरचे. रेडिओ जुने होते. दोघांनी एकाच आकड्यावर एकाच वेळी ट्रान्समीटर चालू केला, तर कुणाचं ऐकावं ते विमानाला कळेनासं होई आणि ते सरळ जमिनीत जाई. म्हणून ज्याच्या शर्टाला त्या आकड्याचा चिमटा, त्यानेच बटण दाबायचं. चिमटा नाही तर उड्डाण नाही. हा नियम कुणी मोडत नसे.

त्या रविवारी सकाळी नळाची चिंधी सुटली आणि काकू बाथरूममध्ये घसरता-घसरता वाचल्या. गाडीत बोलणं झालं. मैदानावर आल्यावरही ते संपलं नव्हतं. काका गुडघ्यावर बसून सुईचा सूर शोधत होते, काकूंनी मागून विमानाची शेपटी धरली होती, आणि त्या म्हणत होत्या, "माझं हाड मोडल्यावर प्लंबर बोलवाल का?"

"हं," काका म्हणाले, आणि उठून उभे राहिले.

सुई मागे घ्यायची राहिली. सूर अजून चढाच होता, बारीक, ताणलेला. काकूंच्या कानाला तो तिथल्या तिथे खटकला. एरवी त्या बोलल्या असत्या. पण त्या "हं"ने त्यांचं डोकं फिरलं होतं. त्यांचं त्यांना कळू दे, असं मनाशी म्हणून त्यांनी शेपटी सोडली. सगळ्या मैदानाने ज्यांना कटकटी ठरवलं होतं, त्या बाईने तोंड मिटलं ते नेमकं तेव्हा.

विमान चढलं. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत, झाडांच्या पलीकडे, आवाज एकदम चिरकला आणि तुटला.

मागे राहिली ती शांतता. इंजिन बंद पडलं की विमान काही दगडासारखं पडत नाही. ते तरंगत खाली येतं, चालवणाऱ्याला ते दिसत असलं तर. इतके दिवस काका निम्मं काम कानांनी करत होते. आता कान रिकामे झाले.

"कुठंय?" ते म्हणाले. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

काकूंचा आवाज स्थिर होता. "समोर. झाडांच्या मागे. नाक खाली. खाली ठेव, ओढू नकोस. डावं. अजून. अजून. पुरे. आता आपल्याकडे तोंड आहे. सरळ धर."

बेकरीवाल्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सेक्रेटरी मागे वळला.

"झाडं गेली मागे. खाली येतंय. उजवं थोडं, अरे थोडं म्हटलं. सोड. घाबरू नकोस, मी बघतेय. गाड्यांकडे सरकतंय. डावं. डावं, डावं. हां. आता हळूच वर. अजून. धर... धर... सोड."

विमान छत्रीच्या कडेला वारा घालून गेलं आणि पुढे उंच गवतात जाऊन टेकलं. चाकाला जरा वाक आला, बाकी काही झालं नाही. आजींच्या मांडीवरचा रुमाल उडून पडला.

विमान सुखरूप उतरल्याचा आनंद झाला असेल, तर तो कुणी दाखवला नाही. सेक्रेटरी लांब पावलं टाकत आला.

"किती दिवस चाललंय हे?"

काकांनी ट्रान्समीटर छातीशी धरला.

"काकू, मी तुम्हाला विचारतोय."

"बरेच दिवस," काकू म्हणाल्या.

"माझी आई तिथे बसते. तुम्हाला दिसत नाही, ठीक आहे, पण यांना तर दिसतं ना?" तो काकांकडे बोट दाखवून काकूंशी बोलत होता की उलट, ते त्यालाही कळत नव्हतं. त्याने हात पुढे केला, काकांच्या शर्टाला लावलेला चिमटा काढला आणि फळ्यावर न लावता आपल्या खिशात घातला.

त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. काकांनी ट्रान्समीटर बंद केला. काकूंना त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर चिमट्यावर भागलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. त्या गवतातून विमान आणायला निघाल्या, तेव्हा छत्रीखालून आजींनी त्यांचा पदर धरला.

"मला ठाऊक होतं," आजी म्हणाल्या. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. "मला ओठ कळतात. तू त्याला डावं-उजवं सांगतेस."

सेक्रेटरी तिच्यासमोर येऊन उभा राहिला, म्हणजे तिला त्याचं तोंड दिसावं. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कशाला सांगू? तुझे वडील गेले तोवर मी ओरडत होते, एक शब्द त्यांनी ऐकला नाही. इथे एक नवरा बायकोचं मुकाट ऐकत होता. मी म्हटलं, बघू तरी किती दिवस टिकतो."

बेकरीवाल्याला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. सेक्रेटरी मात्र हसला नाही. चिमटा त्याच्या खिशातच राहिला.

पुढचा रविवार आला आणि गेला. काका मागच्या खोलीत गेलेच नाहीत. विमान टेबलावर होतं, चाक वाकडंच होतं. काकूंनी सुईबद्दल सांगून टाकलं. "मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

"मी खटके विसरलो," काका म्हणाले. "ते माझं काम होतं." आणि थोड्या वेळाने, "तुझा आवाज घाबरला नाही."

एवढं लांब वाक्य त्यांनी काकूंबद्दल कधी काढलं नव्हतं. काकू स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आवरत बसल्या.

त्यानंतर एका संध्याकाळी सेक्रेटरी घरी आला. हातात एक जाडसर केबल होती. खुर्चीवर बसेना, दारातच उभं राहून त्याने एका दमात सांगून टाकलं. ही केबल दोन ट्रान्समीटर जोडते. नवखा माणूस शिकतो तेव्हा वापरतात. एक काकांकडे, एक माझ्याकडे. मी बटण दाबून धरेन तोवर विमान काकांचं. काही बिनसलं की मी बोट उचलीन, विमान माझं. "आई म्हणते, काकू येत नाहीत तर ती पण येणार नाही. घरी बसून मला बोलते. मला झेपत नाही."

"या वयात मी शिकाऊ?" काका म्हणाले. "दुसऱ्याच्या बोटावर उडवायचं, तर नकोच ते."

"माझ्या तोंडावर उडवलेलं चालत होतं," काकू म्हणाल्या. "त्याच्या बोटावर चालत नाही?"

सेक्रेटरी चपलांकडे बघत राहिला. काकांनी हात पुढे केला. तो केबलसाठी होता. तीन-चार बोटं हवेत चाचपडली आणि मग केबल सापडली.

नंतरच्या रविवारी वारा नव्हता. सेक्रेटरीने खिशातून चिमटा काढला आणि स्वतःच काकांच्या शर्टाला लावला. सुईचा चढा सूर लागला. "मागे," काकू म्हणाल्या, आणि काकांनी दोन खटके मागे घेतले, मोठ्याने मोजून. काकूंनी शेपटी सोडली. विमान चढलं. काकांच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी, बटणावर अंगठा दाबून, ओठ दाताखाली धरून. इंजिन छान जाड आवाजात चालू होतं, आणि काकूंचं बोलणं पुन्हा कुणालाच ऐकू येत नव्हतं.

"डावं. पुरे. सरळ."

विमान उंच होतं, पंख सपाट होते, झाडं अजून लांब होती. एवढ्या दिवसांत काकूंच्या छातीवर असलेलं काहीतरी उतरलं होतं. आता काही झालं तर तिकडे एक अंगठा होता. काकूंना थोडी फुरसत मिळाली.

"नळ," त्या म्हणाल्या.

"हं."

"हं नाही. कधी?"

"झाडं जवळ आली असतील," काका म्हणाले.

"येताहेत."

"मग वळव म्हण."

"आधी कधी ते सांग."

काकांच्या कपाळावर आठी पडली. सेक्रेटरीने संशयाने विमानाकडे पाहिलं, मग काकूंकडे. त्याचा अंगठा किंचित हलला.

"जेवायच्या आधी," काका म्हणाले. "आजच."

"डावं," काकू म्हणाल्या, आणि विमान झाडांच्या अलीकडून सुरेख वळलं.

छत्रीखाली आजी पोट धरून हसत होत्या. त्यांना काय झालं, ते बेकरीवाल्याला कळेना.